पहिला फूट

“बाई, गाडी आली काय ओ?”

मिरजोळ्याच्या त्या वाडीत बाईंना कुणी नमस्कार करत नसे. हा प्रश्न हाच नमस्कार. दूध घालणारा विचारायचा, पोस्टमन विचारायचा, आणि मासे घेऊन येणारी मावशी तर डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आधी विचारायची. बाई कुणालाच सरळ ‘नाही’ म्हणत नसत. त्या म्हणायच्या, “मोहोर आहे.” कधी म्हणायच्या, “कणी धरलीय.” आणि कधी चष्मा पदराला पुसत, घरातलंच काही बिघडल्यासारख्या म्हणायच्या, “गळला गं सगळा.”

ही गाडी बाईंची नव्हती आणि होणारही नव्हती. दूरच्या कुठल्या देशातली एक कंपनी निव्वळ विजेवर चालणारी हायपरकार बनवत होती. बनवत होती म्हणजे, बनवतो आहोत असं सांगत होती. थांबलेली गाडी डोळा मिटून उघडेपर्यंत ताशी शंभरचा वेग घेईल, असा त्यांचा दावा होता. अशा मोजक्याच गाड्या निघणार, आणि त्याही आधीच कुणाकुणाच्या नावावर लागलेल्या. किंमत आम्ही कधी काढली नाही. चंद्राची किंमत कोणी विचारतं का.

बाई हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरीकडे झुकलेल्या, लहानखुऱ्या, पदर खोचून झपाझप चालणाऱ्या. घरात एकट्या. घरामागे हापूसची थोडी कलमं होती आणि गाडीच्या बातम्यांसाठी त्यांनी कलमांचीच भाषा ठेवली होती. कंपनीच्या मालकाने नुसता दावा केला की तो मोहोर. मोहोराने झाड भरून जातं, मुंबईहून आलेले पाहुणे खूश होतात, पण त्यातलं किती टिकायचं ते थंडी आणि तुडतुडे ठरवतात. कुणा तिसऱ्याच माणसाने गाडी जवळून बघून काही लिहिलं, तर ती कणी, म्हणजे मोहोरातून धरलेलं बारीक फळ. तारीख पुढे गेली की गळ. मी तिथे होते त्या काळात मोहोर पुष्कळ पाहिला. कणी फार थोडी.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या गावातून बी.एस्सी. करायला आले होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हे सांगितलं की लोक कौतुकाने बघतात. बाईंनी कौतुक केलं नाही. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी विचारलं, “वडील काय करतात?”

“मुंबईला असतात,” मी म्हटलं.

“मोठ्याने बोल. मुंबईला काय करतात?”

“वॉचमन आहेत. एका बिल्डिंगीत.”

मला वाटलं आता त्या गप्प होतील. पण बाई पुढे सरकून बसल्या. “बिल्डिंग मोठी आहे? खाली पार्किंग?”

“दोन मजले आहे म्हणतात.”

“मग त्यांना विचार, तिथे बॅटरीवरची एखादी दांडगी गाडी आहे का. आणि असेल तर निघताना ती मागे बसते का.”

मी मान हलवली. मला काही कळलं नव्हतं. ही खोली मिळण्याची अटच असावी असं समजून मी ते वाक्य एस.टी. स्टँडपर्यंत पाठ करत गेले.

बाईंचा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. माझा पहिल्या बाकापर्यंतही जात नसे. “शंका पुटपुटायची नसते गं,” त्या म्हणायच्या. “शंका म्हणजे काही चोरी आहे? ज्याच्यावर जीव असतो त्याच्याबद्दलच माणूस शंका घेतो. नाहीतर कशाला घेईल?” हे त्या गाडीबद्दल म्हणत होत्या की माझ्या अभ्यासाबद्दल, हे मला नेहमी ओळखता यायचं नाही. त्यांच्याकडे दोन्ही एकाच ताटात वाढलेलं असायचं.

जीव किती होता हे मी रोज बघत होते. रात्रीचं जेवण आटोपलं की बाई टॅबलेट मांडीवर घेत आणि गाडीवेड्यांच्या एका मंचावर जात. जगभरातली माणसं तिथे त्या गाडीबद्दल बोलत. बाईंनी तिथे ‘रायवळ’ असं नाव घेतलं होतं. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, व्याकरणशुद्ध, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. त्यामुळे की काय, तिकडच्या लोकांना हा कुणीतरी जर्मन इंजिनिअर वाटायचा. ते बाईंना ‘ब्रो’ म्हणत. एकदा एकाने विचारलं, रायवळ ही इटलीची कंपनी का? बाईंनी लिहिलं, नाही, कलम न करता आपलं आपण उगवलेलं आंब्याचं झाड. मग त्याने आंब्याचं चित्र पाठवलं. बाई हसून हसून खोकल्या. “ब्रो म्हणे,” त्या म्हणाल्या. “माझ्या सख्ख्या भावाने मला कधी इतकं विचारलं नाही.”

त्या मंचावर दोन तट होते. एकाला कंपनीचं सगळं खरं वाटे, दुसऱ्याला सगळं खोटं. बाई कुठल्याच तटात नव्हत्या आणि दोघांनाही त्यांची थोडी भीती होती. त्यांच्या शंका साध्या असत. बॅटरीचं वजन वाचून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “पोटात दोन म्हशी घेऊन धावणार आहे ही.” मग दोन दिवस त्या म्हशींचंच बोलत होत्या. म्हशी घेऊन धावेल एक वेळ, पण वळेल कशी? थांबेल कशी? रबर किती धरेल? ओल्या रस्त्यावर काय? आणि शंका संपल्या की टॅबलेट बंद करून अगदी हळू म्हणायच्या, “पण धावली तर गं?”

तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. आमच्या गावात शिमग्याला पालखी दारात येते त्या वेळी म्हातारी माणसं असं तोंड करतात.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्या लहान असताना त्यांच्या गावात निवडणुकीसाठी पहिली मोटार आली. पोरं मागे धावली. मोटार देवळापाशी थांबली तेव्हा बाई सगळ्यांत पुढे होत्या, आणि त्यांनी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला. “गरम,” त्या म्हणाल्या. “गाईच्या पोटासारखं. आतून थरथरत पण होतं. मला वाटलं जिवंतच आहे.” मग म्हणाल्या, “ह्या विजेवालीच्या बॉनेटवर हात ठेवला तर गार लागेल, नाही? थरथर नाही, आवाज नाही. मग जिवंत आहे असं कशावरून म्हणायचं?”

ही त्यांची सर्वांत मोठी शंका होती असं मला अजून वाटतं. वेगाची त्यांना इतकी काळजी नव्हती.

स्वतः बाई एक जुनी स्कूटर चालवत. आयुष्यभर वेगाचं वाचणारी ही बाई बाजाराला जाताना इतकी हळू जायची की मावशी एकदा पाटी घेऊन चालत बरोबरीने आली आणि म्हणाली, “बाई, बसा माज्या पाटीत, लवकर पोचाल.” पण वळणावर बाई अंग एका बाजूला असं टाकायच्या, जणू शर्यतीतच आहेत. मी मागे बसलेली असले की मलाही टाकायला लावायच्या. “अंग दे, अंग दे. वळण अंगाने घ्यायचं असतं.” त्या वेगाला अंग टाकून आम्ही पडण्याचीच जास्त शक्यता होती.

पहिल्या वर्षी कॉलेजात मला फार अवघड गेलं. दहावीपर्यंत मी सगळं मराठीत शिकले होते, अकरावी-बारावीतही सर मराठीतच समजावत, आणि इथे एकदम सगळं इंग्रजीत. सरांनी फळ्यावर ‘यू बरोबर शून्य’ लिहिलं आणि ते पुढे गेले. यू म्हणजे सुरुवातीचा वेग, हे मला ठाऊक होतं. पण मला शाळेतला ‘विरामावस्था’ हा शब्द आठवत राहिला, आणि तो आठवून होईपर्यंत गणित संपलं. सगळ्यांनी उत्तर लिहिलं होतं. संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, मला नाही जमायचं बहुतेक.

बाईंनी मला अंगणात नेलं. तिथे बांधकामातून उरलेला एक जांभ्याचा चिरा होता. “ढकल,” त्या म्हणाल्या.

मी ढकलला. हलेना. पाय रोवून पुन्हा ढकलला. बराच वेळ काहीच झालं नाही आणि मग तो एकदम घसरला. एकदा घसरल्यावर मी तो पायरीपर्यंत नेला, तितकासा जोर लागला नाही.

“कुठे जास्त जोर लागला?”

“सुरुवातीला.”

“आणि तुझे सर तेवढंच दोन अक्षरांत लिहून पुढे गेले. यू बरोबर शून्य.” बाई पायरीवर बसल्या. “चुकीचं नाही लिहिलं त्यांनी. पण विरामातून निघणं हेच तर खरं काम. निघाल्यावर काय, कोणीही पळतं.”

त्याच संध्याकाळी त्यांनी मला पहिल्या फुटाबद्दल सांगितलं. अशा वेगवान गाड्यांची वेळ मोजताना पुष्कळदा घड्याळ गाडी हलल्याबरोबर सुरू करत नाहीत. ती फूटभर पुढे आली की सुरू करतात. शर्यतींच्या मैदानावरचा जुना रिवाज आहे तो, आणि लपवतही नाहीत, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण बाईंना ते कधी पचलं नाही.

“लबाडी नाही, मान्य,” त्या म्हणाल्या. “पण सगळ्या अंतरातला सगळ्यांत हळू फूट तो. सगळ्यांत जास्त वेळ खाणारा. आणि तोच मोजायचा नाही? मग काय मोजलं यांनी?”

मी खोलीत गेले, ते गणित पुन्हा काढलं आणि ते सुटलं.

त्यानंतर आम्ही दोघी कंपनीचे व्हिडिओ पहिल्या फुटासाठी बघू लागलो. आणि खरंच, तो कुठेच नव्हता. गाडी उभी दिसायची. मग कुणाचा तरी डोळा, मग धुरळा, मग गाडी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. मधलं कापलेलं. बाईंचा संशय वाढत गेला. त्यांना वाटायला लागलं की ही सगळी संगणकावर काढलेली चित्रं आहेत, गाडी अजून नाहीच. ते ओळखायची त्यांची कसोटी ठरलेली होती. “चित्रातली गाडी नुसती सरकते. खरी गाडी निघताना मागे बसते. एस.टी. सुटली की आपण मागे रेलतो ना, तशी तीही रेलते. वजन असेल तर बसेलच. वजन खोटं बोलत नाही.”

तोपर्यंत माझ्या वडिलांनी उत्तर दिलं नव्हतं. शिमग्याला ते गावी आले आणि परत जाताना मला सोडायला मिरजोळ्याला आले. बाईंच्या ओसरीवर ते अगदी कडेला बसले. बाईंनी चहा दिला आणि लगेच विचारलं. वडील ओशाळले.

“हाय तशी एक गाडी,” ते म्हणाले. “पन बाई, मी कदी बगितलां नाय तां. आमी गेट उगडतो. ती मागून येते तां कळतच नाय, आवाज नसतो ना. दोनदा माज्या अंगावरच आली. मी आपला बाजूला होतो.”

“आता बाजूला झालात की वाकून बघा,” बाई म्हणाल्या. “मागचं चाक आणि त्याच्या वरची फट. फट कमी होते का, तेवढंच.”

वडिलांनी मान डोलावली. आयुष्यात त्यांना कुणी शिकलेल्या माणसाने काही बघून सांगा असं म्हटलं नसावं. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, “बाईंचा कोन हाय काय त्या कंपनीत?” मी नाही म्हटलं. “मंग?” ते म्हणाले.

आठवड्याभराने त्यांचा फोन आला. “बाईंना सांग, बगितलां. बसते. मांजर उंदरावर झेप घ्यायच्या आदी बसते ना, तशी बसते. आनि जाते.” बाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं आणि रात्री मंचावर लिहिलं. मुंबईहून खात्रीलायक निरीक्षण, असं. तिकडच्या एका ब्रोने लिहिलं, तुमचा माणूस फारच छान लिहितो. ते मी वडिलांना सांगितलं तर ते फोनवर नुसते हसत राहिले.

डोळ्यांचं कळलं ते स्कूटरवरून. एका सकाळी बाई डाव्या बाजूने आलेल्या वासराला घासत गेल्या. कुणाला लागलं नाही. पण घरी येऊन त्यांनी स्कूटर लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मला ते दिसलंच नाही गं.” डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. पुष्कळ पुढे गेलेला. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं, औषध थेंब थेंब.

कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. बाईंनी मला वर्तमानपत्राची सुरळी करून डोळ्याला लावायला दिली. “हे असं. आता तू या सुरळीतून मावशीला शोध.” मावशी दारातच उभी होती. मला तिच्या पाटीतला एक बांगडा तेवढा दिसला.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “लहानपणापासून सांगत होते सगळे, इकडेतिकडे बघू नको, सरळ बघ. आता सरळच बघते.”

मावशी हसली नाही. तिने चांगले बांगडे वेगळे काढून ठेवले आणि नुसती म्हणाली, “त्या मेल्यांना सांगा, बिगीबिगी काडा ती गाडी.”

मग दोन्हींची शर्यतच लागली. सुरळी बारीक होत होती आणि तारीख पुढे जात होती. कंपनीने जाहीर केलं होतं की गाडी सगळ्या जगासमोर, थेट प्रक्षेपणात धावून दाखवू. पहिली तारीख गळली. दुसरी गळली. बाईंना आता पेपरातली एक ओळ वाचताना मान हळूहळू फिरवावी लागे. भाकरी तव्यावर कुठे आहे ते हाताने बघत. भाची सावर्ड्याला होती, ती म्हणत होती माझ्याकडे या. बाई म्हणत, येते, एवढं बघून येते. भाचीला वाटे आंब्याचा हंगाम. मला माहीत होतं काय ते.

एकदाच त्या मला थेट बोलल्या. “कोण आधी येतंय बघायचं. ती की हा.” आणि डोळ्याला बोट लावलं.

त्या सुमारास त्यांनी मंचावर एक वाक्य लिहिलं. आता अक्षरं दिसत नसत म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. कृपया आम्हाला पहिला फूट दाखवा. कॅमेरा हलवू नका, कापू नका, गाडीच्या बाजूला उभा ठेवा. खाली रायवळ. दोन्ही तटांतल्या लोकांनी ते उचललं. ज्याला त्याला पहिला फूट पाहिजे झाला. कंपनीने ते वाचलं का हे मला माहीत नाही. मोठ्या कंपन्या असलं वाचत असतील असं मला वाटत नाही. पण तिसऱ्या तारखेच्या आधी त्यांनी जे पत्रक काढलं त्यात लिहिलं होतं की एक कॅमेरा सुरुवातीच्या रेषेवर स्थिर असेल. मी ते वाचून दाखवलं तेव्हा बाई कलमांत गेल्या आणि बराच वेळ तिकडेच राहिल्या.

पुढचं एक आधीच सांगून टाकते. त्या दिवशीचा आकडा नंतर जाहीर झाला आणि खाली बारीक अक्षरात नेहमीची टीप होतीच, पहिला फूट वगळून. मंचावरचे लोक अजून त्यावर भांडतात. बाई आता सावर्ड्याला भाचीकडे असतात. मी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडले आहे. फोन केला की त्या विचारतात, काय नवीन मोहोर, आणि मी सांगते. त्यांना आता उजेड कळतो, बाकी फारसं नाही.

तो दिवस दिवाळीच्या सुट्टीनंतरचा होता. दुपारभर वीज जातयेत होती आणि मी दर वेळी देवाकडे बघत होते. संध्याकाळी ती टिकली. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. मावशी पाटी घरी ठेवून, हातपाय धुऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. बाई म्हणाल्या आत ये, ती म्हणाली, “नको, मासळीचा वास लागंल तुमच्या गाडीला.”

टीव्हीवर एक लांबच लांब काळा रस्ता दिसत होता. मग गाडी आणली. व्हिडिओत आम्ही ती किती वेळा पाहिली होती, पण इथे तिच्यावर एक माशी बसलेली दिसली. चित्रावर माशी बसत नाही.

“माशी आहे बाई तिच्यावर,” मी म्हटलं.

“मोठ्याने बोल.”

“माशी आहे तिच्यावर.”

बाईंनी खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली की त्यांचं नाक जवळपास काचेला लागत होतं. त्या मान थोडी थोडी हलवत काहीतरी शोधत होत्या. मी म्हटलं, “बाई, जरा मागे बसा, म्हणजे सगळी गाडी दिसेल.”

“सगळी नको. मागचं चाक कुठे आहे?”

मी त्यांचं बोट धरून काचेवर ठेवलं. त्यांनी बोटाच्या टोकावर नजर आणली, मग बोट काढलं आणि तशाच स्थिर झाल्या. “सापडलं,” त्या म्हणाल्या. “चाक आणि वरची फट. माझ्या सुरळीत एवढंच मावतं. हलली की फूटभरात बाहेर जाईल.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी घाबरत होते की त्यांना ती दिसणार नाही. पण जे बघायला त्या थांबल्या होत्या तेवढं दिसण्यापुरती जागा त्यांच्या डोळ्यांत अजून होती. अगदी तेवढीच होती.

रेषेवर गाडी उभी राहिली. आवाज नव्हता. मावशी कुजबुजली, “बंद पडली काय?” बाईंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांची पापणी हलत नव्हती. डोळा मिटून उघडेपर्यंत, असंच ते म्हणत होते ना.

आणि ती बसली. मागचं अंग खाली आलं, चाकावरची फट मिटली, मांजर बसते तशी, माझ्या वडिलांनी सांगितलं होतं अगदी तशी. बाईंच्या बोटांत जोर आला. मग चाक तिथे नव्हतं.

“बसली,” बाई म्हणाल्या.

उंबऱ्यावरून मावशी म्हणाली, “मासा गो बाय. मासाच.”

बाई तशाच बघत होत्या, हललेल्या नव्हत्या. त्यांच्या सुरळीत आता फक्त रिकामा काळा रस्ता असणार. त्यांनी तो थोडा वेळ बघितला. मग माझं मनगट सोडलं.

“माझा फूट झाला,” त्या म्हणाल्या. “पुढचं तू बघ.”

मी वर बघितलं. गाडी रस्त्याच्या टोकाकडे लहान लहान होत चालली होती, आणि मी मोठ्याने सांगायला लागले.